बाबा, दुखलं की सांगा

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

बाबा, गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली हे कळल्यापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. तुम्ही दुखणं सांगणार नाही. दाढ ठणकत असतानाही "काही नाही गं" म्हणत पेपर वाचणारे तुम्ही! फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहिते आहे.

परवा रात्रपाळीला पोटाचं ऑपरेशन झालेले एक आजोबा होते. कधीही विचारा, "बरं आहे." पण खाटेचा कठडा इतका घट्ट धरलेला की बोटांची पेरं पांढरी पडली होती. श्वास अगदी वरवरचा, खोकला आला की दाबून टाकायचे. 0 म्हणजे मुळीच नाही, 10 म्हणजे असह्य, आकडा सांगा म्हटलं तर बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "आठ." डॉक्टरांना विचारून सलाईनमधून औषध दिलं. पाऊण तासाने पोटाशी उशी दाबून धरायला लावली आणि खोकायला सांगितलं. कफ सुटला. तो छातीत साचून राहिला की न्यूमोनिया गाठतो. असं सोसणं अंगावर येतं, बाबा.

तुमच्या पायाला नसेजवळ इंजेक्शन देऊन ब्लॉक केला, म्हणजे पाय बधिर केला, तर सुरुवातीचे तास सोपे जातील. माणूस फसतो तो तिथेच. ब्लॉकचा अंमल उतरला की कळ एकदम उसळते, आणि उसळलेली कळ आवरायला जास्त औषध लागतं. म्हणून पॅरासिटॅमॉल दर 6 तासांनी लिहिलं असेल, तर "आत्ता दुखत नाही" म्हणून टाळू नका. व्यायाम करून घ्यायला येतील त्याच्या आधी औषध मागून घ्या. आणि आकडा सांगाल तो पडल्या पडल्याचा नको, पाय वाकवतानाचा सांगा.

आई, मॉर्फिनची, म्हणजे त्या जोरदार वेदनाशामक औषधाची, सवय लागेल अशी तुला धास्ती आहे ना? दवाखान्यात, नजरेखाली, दोन-चार दिवस घेतल्याने तसं सहसा होत नाही. मळमळ होते, पोट साफ होत नाही. त्यावर औषधं असतात. मात्र हाक मारूनही ते नीट जागे होईनात, तर क्षणभरही न थांबता सिस्टरला बोलाव. आणि तुझ्या डब्यातली गोळी गुपचूप देऊ नकोस. पॅरासिटॅमॉल कितीतरी गोळ्यांत असतं. दिवसाला 4 ग्रॅमच्या वर गेलं की यकृताला धोका.

सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरून ठेव. मी आदल्या दिवशी पोचते, भूलतज्ज्ञांना ती मीच दाखवीन.

तुमची लेक