दहा सेंटची बाटली आणि शनिवारचं मैदान : न्यू साउथ वेल्सच्या पर्यावरणमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
सन्माननीय पर्यावरणमंत्री,
न्यू साउथ वेल्स राज्य, सिडनी.

विषय : रग्बी लीगच्या छोट्या क्लबांकडून राखली जाणारी मैदानांची व ओढ्यांची रोजची निगा आणि तिचा खर्च.

स.न.वि.वि.

पत्र मराठीत पाहून गोंधळू नका; इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाला रीतसर पाठवली आहे. वेंटवर्थविल, वेस्टमीड, टूंगाबी या पश्चिम सिडनीतल्या पट्ट्यात मराठी बिऱ्हाडं आता इतकी झाली आहेत, की ज्युनिअर क्लबच्या नोंदणीच्या रांगेत "अहो, हिच्या मापाची जर्सी मिळाली का?" हे हमखास कानावर येतं. या मंडळींनीही हे वाचावं आणि सह्या गोळा करायची वेळ आली तर मागे राहू नये, म्हणून मराठी.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एवढंच सांगतो, की मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर जे दिसतं ते रग्बी युनियन, पंधरा जणांचं. आमच्याकडचं रग्बी लीग तेरा जणांचं. चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून पाडणं म्हणजे टॅकल; सहा टॅकलच्या आत काय ते करा, नाहीतर चेंडू समोरच्याच्या हाती. पश्चिम सिडनीत हिवाळ्यातले शनिवार-रविवार बहुतेक घरांत याच खेळाचे असतात.

मागणी अशी आहे. छोटे क्लब मैदानाची आणि शेजारच्या ओढ्याची जी रोजची निगा राखतात, तिचा खर्च आपल्या खात्याने उचलावा. आज तो थोडा पालकांच्या खिशातून, थोडा दहा-दहा सेंटच्या बाटल्यांतून आणि उरलेला जुगाराच्या यंत्रांतून निघतो. पहिल्याबद्दल तक्रार नाही. दुसऱ्या दोन्हींबद्दल आहे.

शनिवारी उजाडता-उजाडता मैदान उघडतं. कोणी गोलपोस्टना पॅड गुंडाळतं, कोणी कोपऱ्यांची निशाणं रोवतं, कॅन्टीनच्या तव्यावर सॉसेज आणि कांदा पडतो. आधी चिल्लीपिल्ली, दुपारनंतर मोठी मुलं-मुली. मध्यंतराला संत्र्याच्या फोडी येतात. मुलं फोड दातांत धरून केशरी बत्तीशी दाखवतात, रस चोखतात आणि साल उभ्या जागी टाकून पळतात. कचरापेट्या म्हणाल तर लाल झाकणाच्या; म्हणजे साल, कागदी कप, अर्धवट खाल्लेला पाव, सगळं एकाच पोटात आणि तिथून थेट कचराभूमीवर. म्हणून कॅन्टीनमधली एक आजी बादली घेऊन साली वेचते आणि आपल्या परसातल्या कंपोस्टमध्ये नेऊन टाकते. तिला हे काम कोणी सांगितलेलं नाही. तिचा नातू आता क्लबमधून खेळतही नाही.

अन्नाचा कचरा वेगळा काढण्याची सक्ती आपल्या सरकारने केली आहे : मोठ्या व्यवसायांना १ जुलै २०२६ पासून टप्प्याटप्प्याने, घरांना २०३० पर्यंत. मोठ्यांपासून सुरुवात केली ते बरोबरच आहे. पण शनिवारचं मैदान ना व्यवसाय ना घर, आणि अशा ठिकाणाला रांगेत नंबरच लागत नाही.

आता बाटल्या. रिकामी बाटली किंवा डबा मशीनला परत केला की दहा सेंट देणारी 'रिटर्न अँड अर्न' योजना १ डिसेंबर २०१७ ला सुरू झाली. आजवर एक हजार कोटींहून अधिक बाटल्या-डबे परत आले, हे यश कोणी नाकारणार नाही. आमच्या क्लबने पहिल्याच हंगामात पोती बांधली. पण मशीनला बाटली रिकामी, न चेपलेली आणि लेबल शाबूत असलेली लागते. इकडे सामना संपला की पोरांचा आवडता उद्योग म्हणजे स्टड लावलेल्या बुटाने बाटलीवर उडी मारणं. चपटी झालेली बाटली मशीन बाहेर फेकतं. मग संध्याकाळी दोन-तीन पालक पोत्यातून चपट्या बाजूला काढतात, लेबल गळालेल्या बाजूला काढतात, आणि उरलेल्या एकेक करून मशीनच्या तोंडात घालतात. मागे दुसरी माणसं आपापली पोती घेऊन ताटकळत असतात. ज्याने हे केलं आहे त्याला त्या चिकट हातांवर जमणाऱ्या मधमाश्याही आठवतील.

शंभर डॉलर उभे करायला हजार बाटल्या लागतात. दक्षिण ऑस्ट्रेलियाने १९७७ मध्ये पाच सेंटनी सुरुवात केली आणि २००८ मध्ये दहा केले. आपण २०१७ मध्ये दहा सेंटनीच सुरुवात केली आणि अजून तिथेच आहोत. सॉसेज त्या भावात राहिलं नाही, पॅडही राहिले नाहीत. दर वाढवा ही मागणी आहेच, पण ती दुय्यम. मूळ अडचण अशी, की मैदानावर एक चांगला नळ बसवला आणि प्रत्येक मूल घरून आणलेली बाटली त्यावर भरू लागलं, तर कचरा निम्मा होईल आणि क्लबची ही कमाईही जवळजवळ संपेल. मैदान जितकं घाण, तितके सफाईला पैसे जास्त, अशी ही रचना आहे. आमच्या समितीत नळाचा विषय निघाला तेव्हा खजिनदाराने क्षणभर तोंड वाकडं केलं. बिचाऱ्याचा दोष नाही; हिशेब त्यालाच जुळवायचा असतो.

दुसरी कमाई याहून अवघड. या राज्यात नोंदणीकृत क्लबांना (म्हणजे आमच्यासारखे ज्युनिअर क्लब नव्हेत, तर सभासदांचे बार असलेले मोठे क्लब) पोकर मशीन, म्हणजे जुगाराची यंत्रं, ठेवायची परवानगी १९५६ पासून आहे, आणि आज क्लब आणि पब मिळून ही यंत्रं ८५ हजारांवर आहेत. ज्या क्लबांची यंत्रांवरची कमाई वर्षाला दहा लाख डॉलरपेक्षा जास्त, त्यांना 'क्लबग्रँट्स' योजनेत त्यावरच्या कमाईच्या २.२५ टक्क्यांपर्यंत रक्कम समाजकामाकडे वळवल्यास तेवढी करात सूट मिळते. ज्युनिअर खेळालाही त्यातून पैसे येतात. आमच्या शेडची गटारं, ओढ्याकाठच्या रोपांची कुंपणं, पाण्याच्या टाक्या, असल्या गोष्टींसाठी अर्ज करायचा तर बहुतेक वेळा दार हेच. कागदावर सगळं चोख. पण ज्या क्लबच्या जमिनीवरचा गालिचा ओलांडून आपण चेक घ्यायला जातो, तिथेच आपल्या संघातल्या एखाद्या मुलीचा बाप दुपारपासून बसलेला दिसतो. चेकसोबत फोटो काढायचा असतो. मुलीला जर्सी घालून उभं करायचं असतं.

हे खातं आपलं नाही, असं उत्तर येईल. जुगाराचे मंत्री वेगळे, खेळाचे वेगळे, हे मला माहीत आहे. मी यंत्रं बंद करा म्हणत नाही (म्हणायला आवडेल, पण त्या भांडणात मोठमोठ्यांचे हात भाजले आहेत). नदी आणि कचरा ही आपली जबाबदारी आहे, मग त्यांच्या निगेचा पैसा तरी आपल्या दारातून येऊ द्या, एवढंच.

मोठे व्यावसायिक क्लब काही करत नाहीत, असं कोणी समजू नये. पेनरिथच्या पँथर्सची 'पँथर्स ऑन द प्राउल' शाळांमधून मुलांसोबत काम करते, साउथ सिडनीची 'साउथ्स केअर्स' आदिवासी तरुणांच्या शिक्षण-नोकरीसाठी झटते, आणि मानसिक आरोग्याबद्दल बोलतं करणारा एनआरएलचा (राष्ट्रीय रग्बी लीगचा) 'स्टेट ऑफ माइंड' उपक्रम छोट्या क्लबांपर्यंत पोचतो. त्या सत्राला आमच्याकडचे बाप हाताची घडी घालून मागच्या रांगेत बसले होते. नंतर पार्किंगमध्ये बराच वेळ कोणी घरी जाईना. ही कामं पगारी माणसं करतात आणि म्हणूनच ती टिकतात. आमच्याकडे पगारी माणूस एकही नाही.

आणि या खेळाला तर हे समजावून सांगायची गरजच पडू नये. २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडचे क्लब रग्बी युनियनमधून फुटले ते बुडालेल्या मजुरीच्या प्रश्नावर. खाणीत आणि गिरणीत राबणारा माणूस शनिवारी खेळायला आला तर त्याचा रोज कोण भरणार? सिडनीतही १९०७ मध्ये तेच. ॲलेक्स बर्डन हा खेळाडू जायबंदी झाला, कामावर जाता येईना, भरपाई कोणी देईना; त्या संतापातून बैठका झाल्या आणि १९०८ मध्ये इथली स्पर्धा उभी राहिली. शनिवारच्या श्रमाची किंमत असते, या एका हट्टावर जन्मलेला खेळ आज शनिवारच्याच फुकट श्रमावर आपल्या ओढ्यांची सफाई करून देतो आहे.

ओढ्यांचं सांगायलाच हवं. टूंगाबी क्रीक आणि डार्लिंग मिल्स क्रीक वेस्टमीडपाशी एकत्र येतात आणि पॅरामॅटा नदी सुरू होते. मैदानावरून वाऱ्याने उडालेलं पाकीट पहिल्या पावसात नाल्यात, तिथून ओढ्यात, तिथून नदीत आणि शेवटी सिडनी बंदरात. पॅरामॅटाच्या संघाच्या छातीवर जी वाम आहे, ती या नदीत खरोखर राहते. अंडी घालायला ती उत्तरेला पार कोरल समुद्राकडे जाते, आणि काडीएवढी पिल्लं प्रवाहाने परत येऊन बंधारे चढत वर सरकतात. त्यांच्यासाठी बंधाऱ्यांना पायऱ्याही बांधल्या आहेत. पिल्लांनी एवढा प्रवास करून यायचं ते चिप्सच्या पाकिटांत, हे आमच्या बारा वर्षांखालच्या मुलींना अजिबात पटलेलं नाही. दर मार्चच्या पहिल्या रविवारी 'क्लीन अप ऑस्ट्रेलिया डे' असतो. इयन किर्नन यांनी १९८९ मध्ये बंदर साफ करायला लोकांना हाक दिली आणि ४० हजार माणसं आली, त्यातून उभी राहिलेली ही प्रथा. त्या दिवशी हातमोजे येतात, पिशव्या येतात, आमदारही येतात. उरलेल्या रविवारी त्या मुली आणि एक चिमटा.

रोपांचंही तेच. काठावर लोमँड्राचं गवत आणि सुरूची रोपं लावली जातात. कोकणातल्या किनाऱ्यावर आपण जी सुरूची बनं पाहतो, तिचीच ही पाणथळीतली भावंडं. लावायला उत्साह भरपूर असतो. पण जानेवारीत, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यात, पाणी कोण घालणार? २०२० च्या ४ जानेवारीला पेनरिथमध्ये ४८.९ अंश तापमान होतं. त्या आठवड्यांत हंगाम बंद, क्लबला कुलूप, माणसं सुट्टीवर. आपल्या अनुदानात रोपाचा खर्च मंजूर होतो. टँकरचा आणि तो फिरवणाऱ्या माणसाचा होत नाही.

आणखी एक विसंगती, जिच्याकडे आपलं खास लक्ष वेधायचं आहे. पाऊस पडला की मैदानं बंद होतात, सामने रद्द होतात, म्हणून कृत्रिम हिरवळीची मागणी वाढते आहे. पालक म्हणून मलाही मोह होतो. पण त्या हिरवळीत भरलेला रबराचा काळा चुरा मुलांच्या मोज्यांतून घरी येतो आणि पावसाच्या पाण्याबरोबर नाल्यात जातो. आपल्याच राज्याच्या मुख्य वैज्ञानिकांच्या अहवालाने २०२३ मध्ये याकडे बोट दाखवलं आहे, उष्णतेकडेही. उन्हात ती हिरवळ गवतापेक्षा कितीतरी जास्त तापते. ओढ्याला लागून असलेल्या मैदानावर असा चुरा पसरण्याआधी नाल्यांवर सापळे बसवणं सक्तीचं करा, आणि शक्य तिथे त्याच पैशात चांगला निचरा असलेलं गवताचं मैदान करून द्या. नाहीतर आम्ही काठावर पाकिटं वेचायची आणि पाठीमागून मैदानच ओढ्यात उतरणार.

आमच्या मराठी लोकांनाही दोन शब्द. नोव्हेंबर २०२२ पासून प्लास्टिकची ताटं-चमचे बंद झाले तेव्हा आपण महाप्रसादाला उसाच्या चिपाडाची ताटं आणली आणि पुण्य पदरी पडल्यासारखे मोकळे झालो. ती ताटं अन्नकचऱ्याच्या हिरव्या झाकणाच्या पेटीत चालत नाहीत. तीही लाल झाकणाखालीच जातात. क्लबच्या शेडमध्ये धुऊन वापरायची ताटं आहेत, मागितली तर मिळतात. परत करताना घासून द्यावीत.

मंत्रिमहोदय, एका मैदानावर नळ, वेगळ्या पेट्या, त्या उचलायची सोय आणि उन्हाळ्यात रोपांना पाणी यासाठी वर्षाला काय लागतं, त्याचा आमचा हिशेब इंग्रजी प्रतीसोबत जोडला आहे. त्यात मानधन फक्त एका माणसाचं धरलं आहे, तेही आठवड्यातल्या काही तासांचं. आधी पश्चिम सिडनीतल्या थोड्या मैदानांवर करून पाहा. अर्ज दोन पानांपेक्षा मोठा नसावा आणि पैसे हंगामाआधी यावेत, कारण आमच्याकडे अर्ज भरणारा माणूसही कॅन्टीनमध्येच असतो. राज्याचा अर्थसंकल्प जूनमध्ये येतो. त्याआधी एखाद्या शनिवारी आलात तर खजिनदार वही दाखवील. साडेआठच्या आत आलात तर बरं, नंतर पार्किंग मिळत नाही.

कळावे,

आपला,
पॅरामॅटा नदीच्या खोऱ्यातल्या एका ज्युनिअर रग्बी लीग क्लबचा पालक-कार्यकर्ता
वेंटवर्थविल, न्यू साउथ वेल्स