बंदरातल्या ठेंगण्या दीपगृहांचीही दखल घ्यावी

संपादक महोदय,

दीपगृहांविषयी जेव्हा जेव्हा छापून येते, तेव्हा ते बहुधा भूशिरावरच्या एखाद्या उंच, देखण्या मनोऱ्याविषयी असते. त्याच खडकाळ किनाऱ्यावर बंदराच्या तोंडाशी किंवा लाटरोधक भिंतीच्या टोकाला उभी असलेली लहान दीपगृहे मात्र सहसा कोणाच्या खिजगणतीत नसतात.

अमेरिकेतील मेन राज्यातल्या पोर्टलंड बंदराचेच पाहा. १७९१ साली उजळलेले ‘पोर्टलंड हेड’ दीपगृह जगभर छायाचित्रांतून परिचित आहे. बंदराच्या आत, लाटरोधक भिंतीवर १८७५ मध्ये उभारलेले आणि ‘बग लाइट’ या टोपणनावाने ओळखले जाणारे दीपगृह बाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही; वास्तविक ओतीव लोखंडाचे असूनही प्राचीन ग्रीक स्मारकाच्या धर्तीवर भोवती खांब असलेली ही वास्तू, माझ्या मते, दोहोंत अधिक सुंदर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते विझवले गेले आणि २००२ मध्ये पुन्हा प्रज्वलित झाले.

भूशिरावरचा दिवा किनारा जवळ आल्याची दुरून सूचना देतो; खडकांमधली अरुंद वाट दाखवण्याचे काम बंदरातल्या दिव्यांचे. अनेक बंदरांत त्यासाठी पुढे ठेंगणा आणि मागे उंच असे दोन दिवे असतात. आत येताना ते बरोबर एकावर एक दिसले, तर जहाज वाटेवर आहे असे समजावे, आणि खालचा दिवा ज्या बाजूला सरकलेला दिसेल त्या बाजूला सुकाणू वळवावे. हा प्रकाश फार दूर न्यायचा नसल्याने भिंगही लहान चालते: दीपगृहांत वापरल्या जाणाऱ्या फ्रेनेल भिंगांच्या आकारानुसार श्रेणी असतात; त्यांतील पहिल्या श्रेणीच्या भिंगाचे नाभीय अंतर (दिव्यापासून भिंगापर्यंतचे अंतर) ९२० मिलिमीटर, तर सहाव्या श्रेणीचे अवघे १५० मिलिमीटर असते.

उपग्रहांमुळे हे दिवे कालबाह्य झाले, असे म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की यंत्रावरचा आकडा चुकतो आहे हे ओळखायला डोळ्यांना दिसणारी खूण लागतेच. आज त्यांना खरा उपद्रव आहे तो धक्क्यावरच्या आणि किनारी रस्त्यांवरच्या झगमगाटाचा, कारण त्यात लहानसा लाल वा हिरवा दिवा शोधूनही सापडत नाही. बंदर परिसरात नवे दिवे बसवताना त्यांचा झोत समुद्राकडे जाणार नाही, अशी अट परवानगीतच घालावी आणि बसवल्यावर रात्री होडीतून एकदा पाहणी करावी.

आपला,
एक वाचक