फाइलींचं पेव

सांगली,
१४ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुहास,

परवा फोनवर तू म्हणालास, "कंप्युटरात कायतरी शिरलंय, फाइली आपोआप वाढायला लागल्यात," आणि मी हसलो. राग आला असेल. पण तुला नाही हसलो लेका, स्वतःला हसलो. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत मीही पेठेत हेच सांगत फिरत होतो. फोनवर सांगत बसलो असतो तर तू "हां, हां" करून निम्मं सोडून दिलं असतंस, वकिलाला दुसऱ्याचं ऐकायची सवय कुठली! म्हणून सविस्तर लिहितो.

२०१९ च्या पुरात दुकानात पाणी आलं ते तुला माहीत आहे. खालच्या कपाटातली बिलबुकं फुगून अशी घट्ट बसली होती की कपाट फोडूनच बाहेर काढावी लागली, आणि काढली ती लगद्यासारखी. त्या दिवसापासून बिल, लॉरीची पावती, सौद्याची बोलणी, जे काय असेल ते मेलवर. एकही मेल पुसायचा नाही. दर शनिवारी थंडरबर्डचं, म्हणजे मेल बघायच्या प्रोग्रॅमचं, सगळं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करायचं आणि पेनड्राइव्ह घरी, दुसऱ्या मजल्यावर. चहा येऊन कप परत जाईपर्यंत कॉपी झालेली असायची.

यंदा विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबरात संपणार म्हणून दसऱ्याच्या मुहूर्तावर नवीन कंप्युटर घेतला. भाचा आला होता, त्यानं थंडरबर्ड बसवलं, जुने मेल आणून टाकले. हार घातला, पेढे वाटले. आणि पुढच्या शनिवारी कॉपी लावली तर संध्याकाळी दुकान बंद करायची वेळ झाली तरी चालूच. पडद्यावर आकडा बघितला आणि डोळेच फिरले. एकसष्ट हजार फाइली! पूर्वी शे-दोनशेच्या वर कधी नव्हत्या. ६४ जीबीचा पेनड्राइव्हही भराभर भरत होता.

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं दोन मिनिटं माउस हलवला आणि "व्हायरस आहे, फॉरमॅट मारू" म्हणाला. या लोकांना दुसरं औषधच माहीत नसतं. त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

मग मी आणि भाचा बसलो. थंडरबर्डात 'हेल्प'मध्ये 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' आहे, तिथं 'प्रोफाइल फोल्डर'समोरचं 'ओपन फोल्डर' दाबलं की सगळं भांडार उघडतं. त्यात 'मेल' नावाचं फोल्डर. आत एक फाइल दिसली: नाव 'इनबॉक्स', टिंबाच्या पुढं काहीच नाही, म्हणजे बिनआडनावाची, आणि वजन ३.९ जीबी. दोनदा क्लिक केलं तर विंडोज विचारतंय, कशानं उघडू? भाचा म्हणाला, "मामा, हाच तो. कशानंच उघडत नाही आणि सगळ्यात जाडजूड." त्याचं एक बोट शिफ्टवर आणि दुसरं डिलीटवर गेलेलं मी या डोळ्यांनी बघितलं.

थांब म्हटलं. कारण शेजारीच तसलीच बिनआडनावाची एक छोटी फाइल होती, 'ड्राफ्ट्स'. ती नोटपॅडमध्ये उघडायला लावली. वर 'फ्रॉम'नं सुरू होणारी ओळ, खाली तारीख, आणि त्याखाली इरोडच्या पार्टीला मी रागानं लिहायला घेतलेलं आणि न पाठवलेलं पत्र! मग दोघेही थंड. ती जाडजूड फाइल म्हणजे माझी सहा वर्षांची इनबॉक्स होती. शिफ्ट धरून पुसली असती तर रिसायकल बिनमध्येसुद्धा सापडली नसती.

तुला हरिपूरची पेवं आठवतात? जमिनीत खोल खड्डा, त्यात हळद ओतायची आणि तोंड बंद. थंडरबर्डचं मूळचं काम तसंच आहे. एका फोल्डरचे सगळे मेल एकाच फाइलीत, एकाखाली एक. तिच्याच नावाची दुसरी फाइल असते, आडनाव एमएसएफ. ती म्हणजे पेवावरची चिठ्ठी, आत काय कुठं आहे त्याची यादी. चिठ्ठी हरवली तर थंडरबर्ड नवी लिहून घेतं. पेव मात्र गेलं की गेलं. (हरिपूरची पेवं २००५ च्या पुरानं खाल्ली, तशीच.) आणखी एक: मेल पुसला तरी तो पेवातच राहतो, नुसती खूण होते. फोल्डरवर राइट क्लिक करून 'कॉम्पॅक्ट' केलं की मगच जागा मोकळी होते.

मग एकसष्ट हजार कुठनं आल्या? प्रत्येक पेवाशेजारी त्याच नावाचं एक फोल्डर तयार झालं होतं, आडनाव मोझएमएसजीएस. आत नुसते आकडे: एक, दोन, तीन, आणि प्रत्येकाचं आडनाव डब्ल्यूडीएसईएमएल. एक उघडली तर आत एका मेलचा मजकूर. म्हणजे दर मेलामागं एक फाइल. विंडोजच्या शोधायच्या चौकटीत मेल सापडावेत म्हणून थंडरबर्ड या प्रती काढून ठेवतं. आणि हे त्याला सांगितलं कुणी? पहिल्यांदा सुरू करताना एक चौकट येते, 'विंडोज सर्चला मेल शोधू द्यायचे का?' अशा अर्थाची टिक असते. भाच्यानं विचारलं होतं आणि मीच म्हणालो होतो, "मुहूर्ताच्या दिवशी नाही कशाला म्हणायचं? असू दे."

पेनड्राइव्ह का भरत होता तेही मग कळलं. माझ्या पेनड्राइव्हवर फाइली मांडून ठेवायची जी पद्धत आहे, एक्सफॅट, तिचे खण १२८ केबीचे आहेत. फाइल दोन केबीची असली तरी अख्खा खण अडवते. एकसष्ट हजारांचे झाले साडेसात जीबी, आत ऐवज मूठभर.

उपाय अगदी सरळ आहे. 'सेटिंग्ज'मध्ये 'जनरल', त्यात खाली 'इंडेक्सिंग', तिथली विंडोज सर्चची टिक काढायची. नवीन फाइली थांबतात, जुन्या मात्र आपोआप जात नाहीत. प्रोफाइलची एक कॉपी काढून ठेव, थंडरबर्ड पूर्ण बंद कर आणि फक्त मोझएमएसजीएस आडनावाची फोल्डरं पुस. दुसऱ्या कशालाही हात लावू नकोस. थंडरबर्डाच्या आतला शोध चालूच राहतो, त्याची यादी वेगळी असते. माझं तर त्यावाचून काही अडलं नाही.

तुझ्याकडं 'एनएसटीएमपी' नावाचं फोल्डर दिसत असेल तर तो प्रकार वेगळा. कॉम्पॅक्ट चालू असताना अँटिव्हायरसनं मेलची फाइल धरून ठेवली की काम अर्ध्यात अडकतं आणि तात्पुरतं फोल्डर मागं राहतं. ते आत बघून, रिकामं असेल तरच काढ, आणि अँटिव्हायरसला प्रोफाइल फोल्डर तपासायच्या यादीतून वगळायला सांग.

तेव्हा आधी फाइलींची आडनावं काय आहेत ते कागदावर लिहून घे आणि मला वाचून दाखव. तुझ्या अशिलांचे कागद आहेत त्यात. शिफ्ट-डिलीट दाबायच्या आधी फोन कर, रात्रीचे अकरा वाजले असले तरी चालेल. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळू