काका, तुम्ही ते बाईकचं रिपेअर मॅन्युअल मला विकलं नाहीत म्हणून थँक यू

काका, नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणारही नाही. पण हे बोलल्याशिवाय चैन पडत नाहीये.

सेकंडहँड बाईक घेतली की सोबत फार तर ओनर्स मॅन्युअल मिळतं, तेही पानं चिकटलेलं. त्यात ऑइल किती, हवा किती एवढं कळतं, पुढे सगळीकडे "डीलरकडे न्या". मला गाडी स्वतः खोलायची होती म्हणून रिपेअर मॅन्युअल शोधत होतो आणि ज्याला विचारावं तो अक्कल शिकवायचा. एक म्हणे पुस्तकं कोण वाचतं आता, व्हिडिओ बघ. अहो, व्हिडिओत बोल्ट फिरताना दिसतो, तो किती घट्ट करायचा ते कुठे दिसतं? दुसऱ्या एका विकणाऱ्याने तर मॉडेलचं नाव पुरतं ऐकलंही नाही, "घ्या हो, सगळ्या वर्षांना चालतं" म्हणाला. पैसे कसे पाठवणार ते विचारलं, गाडी कुठल्या वर्षाची ते नाही.

तुम्ही आधी नंबरच मागितलेत. हँडलच्या गळ्याशी कोरलेला चेसिस नंबर आणि इंजिनच्या केसवरचा इंजिन नंबर, दोन्हीचे फोटो, "चिखल पुसून काढ" असं वर बजावून. सेकंडहँड गाडीत इंजिन दुसऱ्याच वर्षाचं बसवलेलं असू शकतं, मग वायरिंग एका पुस्तकात आणि टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटीचं, माप दुसऱ्यात शोधावं लागतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कोणीतरी सांगितलं. माझे दोन्ही नंबर जुळले, नशीब. आणि मग जे मॅन्युअल तुम्ही स्वतः विकायला काढलं होतं, जे मी घ्यायला एका पायावर तयार होतो, त्याबद्दल तुम्ही म्हणालात, "हे तुझ्या गाडीचं नाही रे, घेऊ नकोस."

नाव तेच, टाकी तीच, पण तुमचं पुस्तक कार्ब्युरेटरवालीचं आणि माझी इंजेक्शनवाली, म्हणजे इंजिनाला पेट्रोल पोचवायची पद्धतच वेगळी. बरं, माझ्या शब्दावर जाऊ नकोस म्हणून तुम्ही वायरिंगच्या पानाचा फोटो पाठवलात. पान मिटू नये म्हणून त्यावर दहा-अकराचा पाना ठेवलेला, कडेला काळ्या अंगठ्याचा ठसा, आणि पेन्सिलने गोल केलेला एक कनेक्टर. "हेडलाइटमागच्या वायरींचे रंग याच्याशी लावून बघ." बघितले. माझ्या गाडीच्या फ्युएल पंपाची वायर त्या पानावर असायचं कारणच नव्हतं, त्या कार्ब्युरेटरवालीला तो पंपच नाही. मला तो फोटो डिलीट करवत नाहीये काका, हसा हवं तर.

बाकी तुम्ही सांगितलेलं सगळं उपयोगी पडलं. कंपनीचं मॅन्युअल घेतलं तर माझ्या वर्षाची पुरवणी आहे का ते बघायचं, कारण कधी कधी मूळ पुस्तक जुन्या मॉडेलचं असतं आणि नंतरचे बदल वेगळ्या पुरवणीत येतात. नव्या पार्टचं माप असतंच, पण वापरलेल्या गाडीला सर्व्हिस लिमिट हवी, म्हणजे किती झिजेपर्यंत चालेल आणि कधी बदलायचं. आणि टॉर्कचं, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचं, एकक! इंच-पाउंडाचा आकडा फूट-पाउंड समजून आवळला तर 12 पट जोर लागतो, ॲल्युमिनियममधले आटे गेलेच म्हणून समजा. किलोग्रॅम-मीटरला 9.8 ने गुणलं की न्यूटन-मीटर, हे मी आता टूलबॉक्सच्या झाकणावरच लिहून ठेवलंय.

खरं सांगू, माहिती देणारे खूप असतात हो. आपला माल पडून राहिला तरी चालेल पण समोरच्याच्या गळ्यात चुकीची वस्तू नको, असं वाटणारी माणसं किती? माझी तुमची ओळख ना पाळख, मी काही परत विचारायला येणार नव्हतो, आणि तुम्ही गप्प राहिला असतात तर मी तुम्हाला दुवा देत पैसे पाठवले असते.

माझं बरोबर वर्षाचं मॅन्युअल मिळालं, पुरवणीसकट. तुमचं अजून पडून असेल तर ठेवा, माझ्या एका मित्राकडे त्याच नावाची कार्ब्युरेटरवाली आहे. त्याला चेसिस नंबरचा फोटो मागितलाय. चिखल पुसून.