पिशवी काढलेल्या बायांच्या हाडांचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाळी जाण्याच्या वयात हाडं कशी जपायची यावर तुमच्या पुरवणीत लेख आला होता, चांगला होता, पण तो सगळा पन्नाशीच्या आसपासच्या बायकांसाठी. आमच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायांची पाळी पस्तिशीच्या आतच बंद झालीय कारण गर्भाची पिशवीच काढून टाकलीय. 2019 ला हे प्रकरण गाजलं, सरकारने नेमलेल्या नीलम गोऱ्हेंच्या समितीने पाहणी केली तर 13 हजारांवर ऑपरेशनं निघाली. खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, अंगावरून जातंय म्हणून फडात कोण बसू देतंय, मग डॉक्टर म्हणाला काढून टाका की टाकली. पुढे सिव्हिल सर्जनच्या परवानगीचा नियम आला, बरं झालं, पण ज्यांची आधीच काढलीय त्यांच्या हाडांबद्दल कोणी बोलताना मी तरी ऐकलं नाही.

नुसती पिशवी काढली तर अंडाशयं चालू राहतात, पण तीही काढली की हाडं जपणारं इस्ट्रोजेन हार्मोन एकदम बंद आणि हाडांची झीज तिथूनच जोरात सुरू. ओळखीतल्या एकीचं डिस्चार्ज कार्ड वाचलं, सगळं इंग्रजीत, दोन्ही अंडाशयं काढल्याचं त्यात स्पष्ट लिहिलेलं. तिला पत्ताच नाही! "पिशवी काढली एवढंच सांगितलं वं बाई." वय 38, मनगट एकदा मोडलंय, अजून डोक्यावर मोळ्या वाहून ट्रॅक्टर भरते. आता कंबर तर मोळ्यांनीही जाते, सगळं हाडांच्या नावावर खपवायचं नाहीये, पण एकदा डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, करून बघायला काय हरकत आहे, तिच्यातला आकडा म्हणजे टी-स्कोअर उणे 2.5 किंवा त्याखाली आला तर गोळ्या-इंजेक्शनं आहेत की. एवढ्या लवकर अंडाशयं गेली असतील तर नेहमीच्या वयापर्यंत हार्मोनच्या गोळ्या देतात, अर्थात ज्यांना चालतात त्यांनाच, हेही कुणी सांगितलेलं नसतं.

खाण्याचं म्हणाल तर पाळी गेलेल्या बाईला रोज 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं असं आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) सांगतं. फडाजवळच्या खोपीवर काय असतं, बाजरीची भाकर, मिरचीचा ठेचा आणि कोरा चहा. 100 ग्रॅम बाजरीत कॅल्शियम जेमतेम 30-40 मिलिग्रॅम, नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, पण नाचणी आमच्याकडे पिकते कुठे. गावी म्हैस असली तरी दूध डेअरीला जातं. तीळ-जवसाची चटणी तेवढी जमण्यासारखी आहे, ती तरी सोबत न्यावी. ऊन भरपूर मिळतं आणि व्यायामाचं लेक्चर तर यांना कुणी देऊच नये!

माझं म्हणणं एवढंच, आशाताईंकडून पिशवी काढलेल्या बायांची गाववार यादी करा, कार्ड बघून अंडाशयं आहेत का गेली ते लिहा आणि दसऱ्यानंतर टोळ्या निघायच्या आत जिल्हा रुग्णालयात त्यांची डेक्सा करा, मशीन नसेल तर आहे तिथे गाडीने न्या. एकदा कारखान्यावर गेल्या की मार्च-एप्रिलपर्यंत कुणी सापडायचं नाही.

– एक वाचक, ता. गेवराई, जि. बीड