सरावाचा राऊटर घेताना

महोदय,

नेटवर्किंग शिकणारे अनेकजण सरावासाठी महागडा वाय-फाय राऊटर घेतात आणि फसतात. अशा राऊटरमध्ये सहसा ओएसपीएफ (राऊटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याची पद्धत, म्हणजे राऊटिंग प्रोटोकॉल) किंवा अ‍ॅक्सेस लिस्ट (कोणता डेटा जाऊ द्यायचा, कोणता अडवायचा याचे नियम) कमांड देऊन बसवता येत नाही. सिस्को कंपनीचा जुना १८४१ मॉडेलचा राऊटर चालेल. मात्र त्याचे दोन्ही पोर्ट १०० एमबीपीएसचे आणि त्याची आयओएस ही सिस्कोची कार्यप्रणाली १५.१ आवृत्तीवर थांबते. जमल्यास १९४१ घ्यावा, त्याचे पोर्ट गिगाबिट आहेत. व्हीपीएन (इंटरनेटवरून सुरक्षित खासगी जोडणी) शिकायचे असेल तर सिक्युरिटी लायसन्स आहे का, हे विकणाऱ्याकडून ‘शो व्हर्जन’ या कमांडने पडद्यावर येणाऱ्या माहितीचा फोटो मागवून आधीच पाहावे. आणि एकाने भागत नाही. राऊटिंग प्रोटोकॉलसाठी किमान दोन, खरे तर तीन हवेत.

राऊटर संगणकाला जोडून कमांड देण्यासाठी लागणारी कन्सोल केबल विसरू नका. संगणकावरील टर्मिनल प्रोग्रॅममध्ये या जोडणीचा वेग ९६०० ठेवावा, नाहीतर पडद्यावर अगम्य चिन्हे उमटतात. जुन्या मालकाचा पासवर्ड काढायला कॉन्फिगरेशन रजिस्टर (राऊटरने कसे सुरू व्हायचे हे ठरवणारा आकडा) २१४२ करतात, म्हणजे राऊटर साठवलेली सेटिंग न वाचता सुरू होतो, पण ते परत २१०२ करायचे राहून जाते. मग प्रत्येक रीस्टार्टला सेटिंग गायब! यात राऊटरचा काहीच दोष नसतो, तरी बिचारा नादुरुस्त म्हणून परत जातो.

पंख्याचा आवाज मोठा असतो, झोपायच्या खोलीत ठेवू नये.

– एक नेटवर्क प्रशिक्षक