उतारा यार्डातच घटतो

महोदय,

एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर) आणि काटामारीच्या बातम्या हंगामभर छापून येतात, त्या यायलाच हव्यात. पण ऊस तुटल्यापासून कारखान्याच्या गव्हाणीत पडेपर्यंत त्यातली किती साखर जाते, म्हणजे उतारा (उसाच्या वजनाच्या किती टक्के साखर निघते तो आकडा) किती घटतो, यावर फारसं कुणी बोलत नाही. कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी झाली, म्हणून लिहितो.

उसात इन्व्हर्टेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. पिकलेल्या उभ्या उसात ते आटोक्यात असतं. ऊस तुटून सुकू लागला की त्याला मोकळं रान मिळतं. साखरेचा रेणू धरायचा, पाण्याच्या साहाय्याने त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करायचे, सोडायचा, पुढचा धरायचा. यात विकर स्वतः खर्ची पडत नाही, त्यामुळे थोडंसंही पुरतं. असा ऊस चाखला तर गोडच लागतो. पण या दोन साखरा पोत्यात येत नाहीत, मळीत जातात. लॅबमधल्या पोलरीमीटरला मात्र हे कळतं: साखरेचं द्रावण ध्रुवित प्रकाशाचं प्रतल उजवीकडे वळवतं, फुटलेल्या साखरेचं डावीकडे. मायकेलिस आणि मेंटेन यांनी १९१३ साली विकरांच्या वेगाचं गणित मांडलं, ते इन्व्हर्टेजवरच (यीस्टमधल्या) आणि याच पद्धतीने मोजून.

उसाच्या रसाचा सामू (पीएच) ५ ते ५.५, म्हणजे या विकराला मानवणारा. पुढे चुना आणि उकळी मिळाली की ते संपतं. घात होतो तो आधी, फडात आणि यार्डात. विकराचा वेग १० अंशांनी तापमान वाढलं की साधारण दुप्पट होतो. डिसेंबरात एक दिवसाचा उशीर खपून जातो, मार्चच्या उन्हात नाही. जळिताचा ऊस आणि यंत्राने तुकडे केलेला ऊस तर आणखी नाजूक. कापलेल्या तोंडांतून जिवाणू शिरतात आणि त्यांची विकरं साखरेपासून चिकट डेक्स्ट्रान बनवतात. शिळ्या उसाची ढेप नीट का बसत नाही, हे गुऱ्हाळवाल्याला विचारा.

२०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरली. त्यापुढे दर ०.१ टक्क्याला ३४ रुपये ६० पैसे जादा. पण हा उतारा अख्ख्या कारखान्याचा. माझ्या शेजाऱ्याचा ऊस दोन दिवस ट्रॉलीत वाळला, तर त्याचं वजन घटतंच, आणि उताऱ्यातली घट माझ्याही वाट्याला येते. सगळ्यांचं नुकसान म्हणजे कुणाचंच नाही, म्हणून ओरड होत नाही.

वाढे नीट छाटावे (शेंड्यात साखर कमी, विकर जास्त), थांबावंच लागलं तर मोळ्यांवर पाचट टाकून पाणी मारावं, हे शेतकऱ्याच्या हातात आहे. टोळी कधी येणार आणि गाडी कधी रिकामी होणार, हे मात्र नाही. तेव्हा काट्याच्या पावतीवर तोडणीची तारीख आणि वेळ छापावी, आणि कारखान्यांनी रोजच्या उताऱ्याबरोबर तोड ते गाळप सरासरी किती तास लागले, तेही जाहीर करावं. २४ तासांच्या आत गाळप व्हावं असं प्रत्येक चर्चासत्रात सांगतात; ते होतं की नाही, निदान दिसू तरी दे.

आपला,
एक निवृत्त लॅब केमिस्ट, जि. सांगली